कमी देखभालीचं घर

"मॅडम, तुम्ही ह्या घरात वर्षातून किती दिवस राहणार?"

विचारलं! खरंच विचारलं, तेही इंग्रजीत, आवाज न कापता, शाळेच्या व्यासपीठावर असते तशी ताठ उभी राहून. गौरवी आणि सिद्धी ह्या अकरावीला माझ्याच बाकावर बसणाऱ्या माझ्या मैत्रिणी, आणि आमचा तिघींचा एक खेळ आहे. दर शुक्रवारी बसस्टॉपवर चिठ्ठ्या काढायच्या. जिचं नाव निघेल तिला उरलेल्या दोघी एक प्रश्न देणार, आणि तिने तो सोमवारच्या आत कुणातरी मोठ्या माणसाला विचारायचाच. सिद्धीने ग्रंथपालांना विचारलं होतं, सर, ह्यातली तुम्ही वाचली किती? गौरवीने ताईच्या होणाऱ्या नवऱ्याला विचारलं, भर साखरपुड्यात, की तुम्हाला मासे साफ करता येतात का. काल माझी चिठ्ठी निघाली तर दोघींना क्षणभरही विचार करावा लागला नाही. "तुझ्या बंगल्याला उद्या गिऱ्हाईक येतंय मगे? मग तिलाच विचार, राहणार किती दिवस." तुझा बंगला. त्या असंच म्हणतात, आणि मी कधी दुरुस्त केलेलं नाही.

मॅडम हसल्या. बंगळुरूच्या, पांढरा सुती सदरा, केस आखूड, आवाज छान मऊ. मला त्या आवडल्या होत्या, हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर सगळं असं वाटेल की त्या वाईट होत्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी बोटांवर मोजलं. नाताळाचा आठवडा, मग एखादी जोडून सुट्टी, मुलांच्या परीक्षा संपल्या की चार दिवस. "पंधरा? फार तर वीस." आणि हवेतच एक किल्ली फिरवली, जी तिथे नव्हती. म्हणूनच असं घर हवं होतं त्यांना, ज्याच्याकडे बघावं लागत नाही. कुलूप लावायचं आणि जायचं. गोकुळदासबाब मागे उभे राहून इतक्या जोरात मान हलवत होते की त्यांच्या खिशातलं पेन खाली पडलं. गोकुळदासबाब मांद्र्यातले घरांचे दलाल. बंगल्याची जाहिरात त्यांनीच लिहिली होती. समुद्र सात मिनिटांवर, तीन बेडरूम, पोहण्याचा तलाव, अत्यंत कमी देखभाल. ती वाचून बाबांनी मला विचारलं होतं, "कमी देखभाल म्हणजे कितें गो? कोणाची कमी?" तेव्हा मी हसले होते. बाबा म्हणजे त्या बंगल्याची देखभाल. सात वर्षं.

घर दाखवायचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या इंग्रजीमुळे. मे महिन्यापर्यंत मी कुणासमोर तोंड उघडत नव्हते. पाहुणे आले की दाराआड. मग जुलैत अचानक वक्तृत्वात पहिली आले. कशी ते मलाच कळलं नाही. बोलायला लागले तर शब्द येतच गेले, टाळ्या आल्या, आणि तेव्हापासून माझ्या अंगात काहीतरी सतत उड्या मारत असतं. आरशात बघते तर मान उंच. गोकुळदासबाब बाबांना म्हणाले, तुझ्या चेडवालाच पाठव आत, बोलूं दे. सकाळी त्यांनी मला बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. एक, हसत राहा. दुसरी, तुमची मागची खोली विचारली तर स्टोअर म्हणून सांग. "मागल्यान कुटुंब राहतं म्हटलं की गिऱ्हाईकं पळतात गो. मग हक्क, मग कोर्ट, डोक्याला ताप. मागाहून मी सांगतो सावकाश." आईला त्यांनी सांगितलं, अर्धा तास आत बसा, दार लावून. आई म्हणाली, बरें. तिने चुलीवरची कढई उतरवली, सुक्या बांगड्याचा वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीला ओला टॉवेल लावला आणि दार लावून घेतलं. मी बघितलं हे सगळं. बघितलं आणि केसांची पिन नीट केली.

आणि काय सुंदर दाखवलं मी! प्रत्येक खोलीला एक वाक्य. इथून सूर्यास्त दिसतो. ही फरशी उन्हाळ्यात गार राहते. हा लाकडी जिना एकदाही करकरला नाही. (करकरतो, बाबा दर महिन्याला खाली तेल घालतात.) हॉलमध्ये मॅडमनी वर पाहिलं आणि विचारलं, हे चार हुक कशाचे? छताच्या लाकडी वाशांत, चौकोनात, पांढऱ्या रंगाने रंगवलेले चार हुक. दारात बाबा उभे होते, हातात मॅडमची ओली छत्री. त्यांनी हुकांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मी एक सेकंदसुद्धा घेतला नाही. "हँगिंग प्लांट्ससाठी." मॅडम खूष. मग मागच्या अंगणात, पंपाच्या शेडला लागून असलेल्या आमच्या खोलीसमोर, त्या म्हणाल्या, आणि हे? तेव्हाही मी सेकंद घेतला नाही. "स्टोअर." खिडकीतला ओला टॉवेल थोडा हलला. वारा असेल. गोकुळदासबाब जाताना बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शाणें चेडूं तुजें, प्रवीण." उद्या अकराला मॅडम नवऱ्याला घेऊन परत येणार होत्या. मोटार वळणावर दिसेनाशी झाली तशी मी उडी मारून टाळी वाजवली, आणि आमच्या खोलीचं दार आतून एवढंसं उघडलं, आईचं नाक आणि एक डोळा दिसला, आणि आई म्हणाली, "स्टोअरातलं सामान आता भायर येऊं गो?"

ती हसत होती. खरंच हसत होती, पदराने घाम पुसत, कारण आत पंखा लावायचा नव्हता, आवाज होतो. बाबाही हसले. मी सगळ्यात जास्त हसले. मग जेवायला बसलो तर घास तोंडातच फिरायला लागला. बांगडा तोच, सोलकढी तीच. मी आईकडे बघत होते, ती माझ्या ताटात तुकडा टाकत होती आणि तिला काहीच झालेलं नव्हतं, निदान दिसत नव्हतं. मला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. मी म्हटलं, आई, तुला ऐकू गेलं? "कान आसात मगे माका," ती म्हणाली. "बरी उलयतेस तूं. फाडफाड." आणि माझ्या बोलण्याबद्दल हे खरंच अभिमानाने म्हणाली.

तेव्हापासून मी एका जागी बसू शकत नाहीये. अभ्यासाला बसले, उठले. पाऊस थांबलाय तर तलावाभोवती फेऱ्या मारते आहे. चौतीस पावलांत एक फेरी, मग उलट्या दिशेने. पाण्यावर जांभळीची पानं पडलीत. संध्याकाळपर्यंत बाबा ती जाळीने काढतील आणि उद्या पाणी असं दिसेल की त्याच्यात कधी पान पडतच नाही. हेच तर. मी चालते आहे आणि मला सगळीकडे हात दिसताहेत. बिजागऱ्यांवर बाबांचा, कारण खारा वारा लोखंड खातो आणि दर पंधरवड्याला तेल लागतं. गाद्यांवर आईचा, ऊन पडलं की तिन्ही खोल्यांतल्या गाद्या ती एकटी गॅलरीत ओढते, उभ्या करते, उलटवते, परत नेते, ज्यांच्यावर वर्षातले साडेअकरा महिने कुणी झोपत नाही. भिंतींवर श्रावणात बुरशी येते, काळी, मखमलीसारखी. ती पुसायची. कंपाऊंडच्या चिऱ्यांवरचं शेवाळं घासायचं. एसी आठ दिवसांनी तासभर चालवायचे, रिकाम्या खोल्या गार करायच्या. आई पितळी कड्या चिंचेने घासते तेव्हा मी लहानपणी तिच्या शेजारी बसून चिंच चोखायचे. मालक डिसेंबरात मुंबईहून येतात आणि म्हणतात, वा, घर जसंच्या तसं. जसंच्या तसं! जसं काही घर स्वतःच श्वास धरून बसलं होतं.

ह्याआधी आम्ही कारापूरला राहायचो, तिथेही आईच्या हातात हेच फडकं होतं, फक्त धूळ तांबडी होती. खाणीचे ट्रक दारावरून जायचे आणि दिवसातून दोनदा ती तुळशीची पानं पुसायची, एकेक, बाळाचे कान पुसावेत तशी. त्या ट्रकांतला एक बाबांचा होता. मला त्याची केबिन आठवते, डिझेल आणि उदबत्तीचा वास, आणि बाबा गियर बदलताना माझा हात आपल्या हाताखाली ठेवायचे. मग खाण बंद झाली. ट्रक दारात उभा राहिला, एक पावसाळा, दुसरा. भोपळ्याचा वेल चाकावर चढला, आईने तो काढला नाही, भोपळे धरले ते आम्ही खाल्ले. ट्रक गेला त्या दिवशी बाबा घरी नव्हते. मी चौथीत असताना आम्ही इथे आलो. पहिल्या रात्री बाबा म्हणाले, थोडे दिवस. ही खोली दहा बाय बारा. खाट, कपाट, चूल, माझी वह्यांची फळी. आईने दारात तुळस लावली ती पत्र्याच्या डब्यात, वृंदावन बांधलं नाही, कारण थोडे दिवस.

फोन थरथरला. सिद्धी: विचारलंस? मी लिहिलं, हो!!! पंधरा दिवस म्हणाल्या, फार तर वीस. गौरवी: आमच्या माळ्यावरचे उंदीर जास्त राहतात गो. सिद्धी: उंदरांना जाहिरात पाठव. मी हसण्याची सहा तोंडं पाठवली आणि फोन उलटा ठेवला. त्या दोघी तीनदा आल्यात इथे. तिन्ही वेळा मी त्यांना बंगल्याच्या पुढच्या पडवीत, बाल्कांवात बसवलं, वेताच्या खुर्च्यांवर, आणि आईने कोकम सरबत आणून दिलं, ट्रेमध्ये, बंगल्याच्या ग्लासांत. आणि मागे गेली. गौरवी म्हणाली होती, काकी, बसा की तुम्ही पण. आई म्हणाली, काम आहे गो. मी काही बोलले नव्हते. तेव्हा तर मला कुणी शिकवलं नव्हतं, स्टोअर म्हण म्हणून. म्हणजे ही जीभ आज घसरलेली नाही. आज तिला फक्त इंग्रजी आलं. तुझा बंगला म्हणताना सिद्धी जराशी हसते का? की मलाच आत्ता तसं वाटतंय? मी परत फिरले, उलट्या दिशेने, चौतीस पावलं.

आणि ते हुक. ते जास्त वाईट आहे. त्या हुकांना आम्ही माटोळी बांधतो. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतो, आणि तिला रानातलं सगळं लावायचं: कांगलां, आंबाडे, तोरिंगां, सुपाऱ्यांचा घोस, आंब्याचे टहाळे. मी अकरा वर्षांची होते, कोरोनाचं वर्ष. दर चवथीला आम्ही कारापूरला जायचो, मूळ घरी, शांतारामकाकाकडे. गणपती तिथेच, आजोबांच्या आजोबांपासून. त्या वर्षी चवथीच्या तीन दिवस आधी काकाच्या घरात सगळे तापाने पडले आणि वाड्याच्या, म्हणजे त्या वस्तीच्या, तोंडाला बांबू बांधले. बाबा दोन दिवस नुसते अंगणात फिरत होते, मी आज फिरते आहे तसे. मग पेडण्याला गेले आणि लहानशी मूर्ती घेऊन आले, गोणपाटात झाकून. आई म्हणाली, ठेवायची खंय? बाबांनी आमच्या खोलीकडे पाहिलं. खाट, चूल, दोरीवरचे कपडे. "ह्या खोलीत देवाक खंय बसवूं?" असं म्हणाले आणि बंगल्याची किल्ली काढली.

तो दीड दिवस! मी कधीच विसरणार नाही. त्या मोठ्या हॉलमध्ये, काचेतून तलाव दिसतोय, वर माटोळीचा ओला रानटी वास, आई जमिनीवर बसून नेवऱ्या वळतेय आणि मी तिथेच, तिथेच लोळतेय, आडवी, पाय भिंतीवर. आरती आम्ही तिघांनीच म्हटली, पण छत उंच असल्यामुळे वीस माणसांसारखी वाटली. मग खाडीवर विसर्जन, आणि परत आल्यावर बाबा शिडी घेऊन वर. चौकट उतरवली, पानं गोळा केली, समईची काजळी आईने तीनदा पुसली, हळदीचा डाग लिंबाने काढला. फक्त हुक निघेनात. ते त्यांनी रंगवले. बाबांना वाटलं होतं, एका वर्षापुरतं. पण आमच्यात चुली वेगळ्या होतात, भांडी वाटतात, गणपती मात्र एकच असतो, मूळ घरात. तो वेगळा केला म्हणजे माणूस वेगळा झाला. काका बरा होऊन उठला आणि त्याचा फोन आला, आवाज अजून बसलेला: "गणपती वेगळो केलो मरे तुवें, प्रवीण?" बाबा म्हणाले, नाही रे, तसं नाही. काका म्हणाला, बरें केलेंस, आणि फोन ठेवला. एवढंच. वेगळा गणपती एकदा बसवला की मोडता येत नाही. पाच चवथी झाल्या. कारापूरहून बोलावणं आलं नाही, बाबांनी विचारलं नाही. पाच वर्षं आम्ही दुसऱ्याच्या घरात चोरासारखा देव आणतो आणि चोरासारखा पुसून टाकतो.

आणि मी म्हटलं, झाडं टांगायला.

फेरी मारता मारता मी थांबले, पंपाच्या शेडजवळ. आमची खोली समोर, दार सताड उघडं, आई आत तांदूळ निवडत होती. सूप हलत होतं, तिची बोटं, तिचा गुडघा. मला एकदम असं वाटलं की मी मॅडमच्या डोळ्यांनी बघू शकते. मला ते जमतं, सकाळी जमलं होतं. डोळे बारीक केले तर खरंच स्टोअर दिसतं. पत्रे, बादल्या, जाळी, शिडी, एक बाई. मला भीती वाटली. डोळे उघडले तर परत आई. पुन्हा बारीक केले नाहीत. बाबांनीही तेव्हा असंच पाहिलं असणार, ह्या खोलीत देवाक खंय बसवूं म्हणताना. त्यांना कुणी गोकुळदास शिकवायला आला नव्हता. ते स्वतःच्या घराकडे बघून म्हणाले की हे घर नव्हे. म्हणून देव हॉलमध्ये गेला, म्हणून काका रुसला, म्हणून वर हुक आले. आणि मी त्यांचीच मुलगी, शाणें चेडूं, तेच वाक्य पुढे नेलं, छान उच्चारांसहित. मला बाबांचा राग आला, मग तेवढीच माया आली.

चार वाजता चहाला बसलो. पाव आणि चहा, खाटेवर मी आणि बाबा, खाली आई, मांडीवर अजून सूप. बाबांच्या कोपरापर्यंत शेवाळं लागलेलं. गोकुळदासबाबांचा फोन आला, बाबांनी स्पीकरवर ठेवला कारण हात ओले. "तिका सांग, सकाळच्या सारकेंच उलय. घोव मॅडमचा जरा चौकस आसा, पण चेडूं गुंडाळतलें ताका." ते हसले, बाबाही हसले. बाबांनी कोपराने फोन बंद केला. मग आई म्हणाली, "चवथ म्हयन्यावर आयली. नवीन मालक ठेवतले आमकां?" बाबा म्हणाले, "गोकुळदास सांगतो म्हणाला मगे, सावकाश." "आनी गणपती?" बाबांनी पाव चहात बुडवला, तो तुटून पडला, ते चमच्याने शोधत राहिले. "बघूंया गो."

वक्तृत्वाच्या दिवशी नाव पुकारलं होतं तसंच वाटलं. मी उठले. त्या खोलीत उठून उभं राहिलं की डोकं दोरीवरच्या कपड्यांना लागतं. मी कपडे बाजूला सारले.

"उद्या मी घर दाखवणार आहे," मी म्हटलं. "पण आधी ही खोली. मॅडमना आत आणणार, खाटेवर बसवणार. सांगणार, इथे तीन माणसं राहतात, सात वर्षं, आणि हे घर कमी देखभालीचं दिसतं ते ह्यांच्यामुळे. आज सकाळी मी खोटं बोलले तेही सांगणार. दोन्ही, स्टोअरचं आणि हुकांचं."

"भाग्या," बाबा म्हणाले. पूर्ण नाव भाग्यलक्ष्मी. ते भाग्या म्हणतात तेव्हा घाबरलेले असतात. "गिऱ्हाईक पळालें जाल्यार? मालक आमकां काढतलो."

"काढतील. मला माहीत आहे. पण न सांगता विकलं तर काढायचीसुद्धा गरज नाही, बाबा. स्टोअरमधनं कुणाला काढतात?"

आईने सूप खाली ठेवलं.

"आणि गणपती यंदा इथे बसणार. ह्या खोलीत. खाट आदल्या दिवशीच अंगणात काढू, ताडपत्री लावू, तुम्ही दोघं दोन रात्री तिथे झोपा, मी देवाजवळ."

"देवाची जागा हालवूंक जायना गो," बाबा हळूच म्हणाले. "हॉलांत बसयला एकदा."

"ती जागा आपली कधी होती? गणपती आपला आहे, तो आपल्याबरोबर येईल. देवळात जाऊन कौल लावायचा असेल तर चला, मी येते. काकाला फोन करायचा असेल तर तोही मी करते, मला बोलता येतं आता."

बाबांनी आईकडे पाहिलं. आई त्यांच्याकडे बघत नव्हती, ती खोलीकडे बघत होती. कपाट, चूल, माझी फळी, कोपरा, परत कपाट, जणू काय हलवलं की किती जागा होईल ते मापत होती.

"मी ठरवलंय," मी म्हटलं. माझा आवाज कापला, कापू दिला. "उद्या अकरा वाजता तुम्ही दोघांनी फक्त घरी असायचं."